‘आढळले नाही’ म्हणजे नेमकं काय? – मांसातले औषधांचे अवशेष, जिवाणू आणि तपासणीमागचा तर्क



आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसांचं मांस-तपासणीच्या प्रयोगशाळेत काय काम? प्रश्न रास्त आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात शेवटी दोन शब्द छापून येतात : ‘आढळले नाही’. तिथपर्यंतचं सगळं काम रसायनशास्त्राचं आणि सूक्ष्मजीवशास्त्राचं. पण ‘आढळले नाही’वरून ‘नाही’पर्यंत जायचं, आणि ‘नाही’वरून ‘खायला हरकत नाही’पर्यंत जायचं, ही दोन पावलं अनुमानाची आहेत. ती पावलं आपण सगळेच टाकतो, रोज टाकतो, आणि बहुतेक वेळा न पाहता टाकतो. आज ती जरा पाहून टाकू.

आपल्या परंपरेत या प्रश्नावर फार बारकाईनं विचार झालेला आहे. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेले मीमांसक कुमारिल भट्ट म्हणतात, की वस्तूचा अभाव कळण्यासाठी एक वेगळं प्रमाण मानावं लागतं. त्याला पुढे ‘अनुपलब्धी’ असं नाव रूढ झालं. नैयायिक म्हणाले, वेगळं प्रमाण कशाला, प्रत्यक्षातच ते बसतं. हा वाद मोठा आहे, त्यात आज शिरत नाही. पण दोन्ही बाजूंना एक अट मान्य होती, आणि आपल्याला तीच हवी आहे. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही, असं म्हणता येईल, पण कधी? घडा असता तर दिसला असता, अशी स्थिती असेल तेव्हाच. खोलीत अंधार असेल तर न दिसणं काहीच सिद्ध करत नाही. या अटीला ‘योग्यता’ म्हणतात, आणि अशा न आढळण्याला ‘योग्यानुपलब्धी’.

तर आजचं आपलं म्हणणं एवढंच आहे : मांसाच्या अहवालात ‘आढळले नाही’ असं लिहिलेलं असेल, तर प्रत्येक वेळी विचारायचं, असतं तर आढळलं असतं का? हा एक प्रश्न हातात धरला, तर या विषयातल्या पुष्कळ गाठी सुटतात.

दोन वेगळ्या जातींचे धोके

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू, कारण बोलताना त्यांची सरमिसळ होते. मांसात औषधाचा अवशेष असणं ही एक गोष्ट, आणि मांसात रोगकारक जिवाणू असणं ही दुसरी.

औषधाचा अवशेष निर्जीव आहे. म्हशीला ताप आला, डॉक्टरांनी ऑक्सिटेट्रासायक्लिनचं इंजेक्शन दिलं. ते रक्तातून शरीरभर गेलं, मूत्रपिंडात जास्त, यकृतात त्याहून कमी, स्नायूत आणखी कमी. जिथे सुई टोचली तिथे बरेच दिवस सगळ्यात जास्त. जनावर कापलं की ते प्रमाण ठरून गेलं. अवशेष वाढत नाही, एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात पसरत नाही. पण शिजवल्यानं जातोच असंही नाही. काही औषधं उष्णतेनं कमी होतात, काही बऱ्याच अंशी टिकतात. म्हणजे गृहिणीच्या किंवा आचाऱ्याच्या हातात त्यावर फारसा उपाय नाही.

जिवाणू जिवंत आहे. तो बहुधा वरून लागतो. कातडी सोलताना, आतडं फाटलं तर त्यातून, सुरीवरून, पाण्यातून, हातावरून. तो मांसभर सारखा नसतो, ठिपक्याठिपक्यांनी असतो. आणि तो वाढतो. अनुकूल उष्णता आणि ओलावा मिळाला तर ई. कोलायसारखा जिवाणू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. या हिशेबानं सात तासांत एकवीस दुपटी, म्हणजे एकाचे वीस लाखांवर. मात्र नीट शिजवलं की तो मरतो. काहींनी आधीच सोडलेलं विष मागे राहतं, स्टॅफिलोकॉकसचं विष उकळूनही टिकतं, हा अपवाद लक्षात ठेवायचा.

म्हणून एकाची तपासणी दुसऱ्याला लागू पडत नाही. अवशेषाच्या बाबतीत विचारायचं, ‘किती आहे?’ जिवाणूच्या बाबतीत विचारायचं, ‘कुठे आहे, आणि संध्याकाळपर्यंत किती होईल?’

मर्यादा कशी ठरते

औषध दिल्यावर जनावर किती दिवस कापायचं नाही, हे औषधाच्या वेष्टनावर दिलेलं असतं. त्याला विथड्रॉवल पिरियड म्हणतात. तेवढ्या दिवसांत शरीर औषध बाहेर टाकतं आणि उरलेला अंश ठरावीक मर्यादेच्या खाली जातो. ती मर्यादा म्हणजे कमाल अवशेष मर्यादा.

ती कशी काढतात, हे पाहण्यासारखं आहे. प्राण्यांवरच्या किंवा जिवाणूंवरच्या प्रयोगांत ज्या मात्रेला काहीही परिणाम दिसला नाही ती मात्रा घ्यायची. माणूस प्राण्याहून जास्त नाजूक असू शकतो म्हणून दहानं भागायचं, आणि माणसामाणसांत फरक असतो म्हणून पुन्हा दहानं. बहुधा शंभरनं भागलं जातं. त्यातून निघतं, की एका माणसानं जन्मभर रोज घेतलं तरी चालेल असं प्रमाण किती. मग माणसाचं वजन ६० किलो धरायचं आणि त्याच्या ताटात रोज ३०० ग्रॅम मांस, १०० ग्रॅम यकृत आणि ५० ग्रॅम मूत्रपिंड आहे असं मानायचं. शिवाय दूध दीड लिटर, अंडी १०० ग्रॅम. एवढं रोज कोण खातं? कोणीच नाही. मुद्दाम जास्त धरलेलं आहे, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला व्हावी.

उदाहरण घेऊ. ऑक्सिटेट्रासायक्लिनची कोडेक्सनं, म्हणजे अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त आयोगानं, दिलेली मर्यादा किलोमागे अशी : स्नायूत २०० मायक्रोग्रॅम, यकृतात ६००, मूत्रपिंडात १२००. आता त्या मोठ्या ताटाशी गुणून पाहा. स्नायूतून ६०, यकृतातून ६०, मूत्रपिंडातून ६०. एकूण १८० मायक्रोग्रॅम. कोडेक्सच्या तज्ज्ञ समितीनं मान्य केलेलं रोजचं प्रमाण किलो वजनामागे ३० मायक्रोग्रॅमपर्यंत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८००. मांसातून येणारा अवशेष त्याच्या एकदशांश झाला.

पण याच औषधाची युरोपीय संघाची मर्यादा पाहिली तर ती स्नायूत १००, यकृतात ३००, मूत्रपिंडात ६००, म्हणजे बरोबर निम्मी आहे. जनावर तेच, औषध तेच, माणसाचं आतडंही तेच. मग खरी मर्यादा कोणती? इथे आपण थांबायला हवं. मर्यादा ही सृष्टीत आधीपासून पडलेली वस्तू नाही, की ती कोणी शोधून काढली. ती पुराव्यावर उभा असलेला एक निर्णय आहे. किती सावध राहायचं, हे त्यात माणसांनी ठरवलेलं असतं. याचा अर्थ ती मनमानी आहे असा मात्र कोणी घेऊ नये. न्यायालयाचा निकालही निर्णयच असतो; पुराव्याविना दिलेला निकाल आणि पुराव्यावर दिलेला निकाल यांत फरक असतोच. पण निर्णय आहे म्हटल्यावर, तो कोणी घेतला, कोणासाठी घेतला, हे विचारण्याचा हक्क आपल्याला मिळतो.

शून्य म्हणजे किती?

काही औषधांना मर्यादा देताच येत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल हे त्यातलं ठळक उदाहरण. क्वचित एखाद्या माणसात त्यानं अस्थिमज्जा रक्त तयार करणं थांबवते, आणि हा परिणाम मात्रेच्या प्रमाणात होत नाही. सुरक्षित मात्रा ठरवता आली नाही, म्हणून खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्यावर बंदी. नायट्रोफ्युरान गटावरही, कर्करोगाच्या शंकेमुळे, अशीच बंदी.

बंदी म्हणजे शून्य. पण प्रयोगशाळेला शून्य दिसत नाही. तिला दिसतं, ‘आमच्या यंत्राच्या नजरेच्या खाली’. २००१-०२ मध्ये आशियातून युरोपात गेलेल्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल सापडलं आणि मोठी खळबळ उडाली. त्याच सुमाराला यंत्रं पूर्वीपेक्षा कितीतरी बारीक पाहू लागली होती. प्रकाश वाढला, आणि खोलीतला घडा दिसू लागला. पुढे २००३ मध्ये युरोपनं सांगितलं, की प्रयोगशाळेची पद्धत किलोमागे निदान ०.३ मायक्रोग्रॅम ओळखू शकली पाहिजे. २०२२ च्या अखेरीपासून कारवाईसाठीचा आकडा ०.१५ झाला. हे प्रमाण डोळ्यांसमोर आणायचं तर दहा-दहा टनांचे शंभर ट्रक मांस घ्या आणि त्यात मिळून एक चिमूटभराहूनही कमी, ०.१५ ग्रॅम पूड.

नायट्रोफ्युरानची गोष्ट तर्काच्या विद्यार्थ्यानं मुद्दाम ऐकावी अशी आहे. हे औषध स्वतः काही तासांतच शरीरातून नाहीसं होतं. मूळ औषध शोधलं तर ‘आढळले नाही’ असंच येणार, मग ते दिलेलं असो वा नसो. ही अंधारातली अनुपलब्धी. पण त्याचे तुकडे प्रथिनांना चिकटून आठवडेच्या आठवडे राहतात. म्हणून आता ते तुकडे शोधतात. धूर पाहून अग्नी ओळखावा, तसं. आणि न्यायशास्त्रात धुराच्या अनुमानाला जो धोका सांगितला आहे, तोही इथे आलाच. चार तुकड्यांपैकी एक आहे सेमिकार्बाझाइड. २००३ च्या सुमाराला लक्षात आलं, की काचेच्या बरण्यांच्या झाकणांच्या आतल्या गास्केटमधूनही ते अन्नात उतरतं. गास्केट फुगवण्यासाठी वापरलेल्या रसायनाचं ते अपत्य. कोळंबीवर्गीय प्राण्यांच्या कवचातही ते औषधाविना मिळालेलं आहे. म्हणजे हा धूर प्रत्येक वेळी त्याच आगीचा असेल असं नाही. अशा वेळी फक्त आकड्यावरून शेतकऱ्याला दोषी धरलं तर अन्याय होईल. कवच सोडून आतलं मांस तपासणं, सोबत इतर खुणा पाहणं, हे करावंच लागतं.

युरोपच्या नियमांत एक प्रामाणिक गोष्ट आहे, ती सांगितली पाहिजे. निर्दोष नमुन्याला सदोष ठरवण्याची शक्यता किती चालवून घ्यायची, हे तिथे लिहून ठेवलंय. मर्यादा असलेल्या औषधांसाठी जास्तीत जास्त ५ टक्के, बंदी असलेल्यांसाठी १ टक्का. चुकणारच, हे मान्य करून किती चुकायचं ते आधी ठरवणं, याला आम्ही तत्त्वज्ञानातले लोक बौद्धिक प्रामाणिकपणा म्हणतो.

तीनशे नमुने आणि एक गिधाड

आता दुसरा अंधार. यंत्र कितीही बारीक असो, ते हातात दिलेला तुकडाच पाहतं. देशात कापल्या जाणाऱ्या लाखो जनावरांपैकी किती पाहायची?

इथे साधं गणित आहे, आणि कोडेक्सच्या मार्गदर्शक तक्त्यातही ते दिलेलं आहे. समजा शंभरात एक जनावर सदोष आहे. निदान एक तरी सदोष जनावर हाती लागेल अशी ९५ टक्के खात्री हवी असेल, तर २९९ नमुने लागतात. म्हणून तीनशे हा आकडा या क्षेत्रात वारंवार भेटतो. तीनशेत एकही सदोष नाही निघालं, तर काय कळलं? एवढंच, की सदोष जनावरं बहुधा शंभरात एकाहून कमी आहेत. शून्य आहेत, असं नाही कळलं.

शंभरात एकाहून कमी असलं तर काय बिघडतं, असं वाटेल. त्याचं उत्तर आपल्या आकाशात लिहिलेलं आहे, म्हणजे आकाश रिकामं आहे. १९९० च्या दशकापासून भारतीय उपखंडातली गिधाडं दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या दीड दशकात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. मुंबईत मलबार हिलवर पारशी समाजाच्या दोखम्यांत शतकानुशतकं चालत आलेली व्यवस्था त्यामुळे कोलमडली. कारण २००४ मध्ये प्रसिद्ध झालं : डायक्लोफेनॅक. गुरांची सूज आणि वेदना कमी करायला दिलेलं औषध. औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं बंद पडत.

संशोधकांनी हिशेब मांडला, की एवढा ऱ्हास व्हायला किती मृत जनावरांत औषध असावं लागेल? उत्तर आलं, १३० ते ७६० मागे एक. आता आपलं तीनशेचं गणित इथे लावून पाहा. ७६० मागे एक असं प्रमाण असेल, तर तीनशे नमुने काढूनही शंभरातल्या ६७ वेळा अहवाल येणार, ‘आढळले नाही’. तेवढंच प्रमाण एक जात संपवायला पुरेसं. प्रत्यक्षात तर भारतात पुढे तपासलेल्या मृत जनावरांत साधारण दहात एकाच्या यकृतात डायक्लोफेनॅक निघालं.

यात आणखी एक गोष्ट आहे. त्या सगळ्या मर्यादा ६० किलोच्या माणसाचं ताट समोर ठेवून काढलेल्या. गिधाडाचं ताट कोणीच मांडलं नव्हतं. गुरांसाठी या औषधावर भारतात २००६ मध्ये बंदी आली. पुढे असंही दिसलं, की असेक्लोफेनॅक हे दुसरं औषध गुरांच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं; त्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं. एका नावाचा शोध घेत बसलो, आणि तीच गोष्ट दुसऱ्या नावानं आत आली.

जाता जाता वर्तमानपत्र वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. नमुने दोन प्रकारे घेतात. एक, डोळे मिटून, कोणतंही जनावर. दुसरा, संशय घेऊन : लंगडणारं, सुईची खूण असलेलं. दुसऱ्या प्रकारात सदोष जास्त निघणारच, निघावेतच. तेव्हा ‘इतके टक्के नमुने सदोष’ असं वाचलं, की आधी पाहायचं, नमुने कसे घेतले होते?

चार दिवसांनी येणारं उत्तर

आता जिवाणूंकडे वळू. जगभरच्या निकषांत एक वाक्य भेटतं : ‘साल्मोनेला – २५ ग्रॅममध्ये अनुपस्थित’. बऱ्याचदा एका खेपेतून असे पाच नमुने घेतात. समजा त्या खेपेतल्या २५-२५ ग्रॅमच्या शंभर वाट्यांपैकी एकीत साल्मोनेला आहे. पाचही नमुने स्वच्छ येण्याची शक्यता किती? ९५ टक्के. म्हणजे ती खेप जवळजवळ नेहमीच पास होईल.

शिवाय वेळ. साल्मोनेलाची रूढ तपासणी अशी : मांस साध्या पोषक द्रवात रात्रभर उबेत ठेवायचं, म्हणजे अर्धमेले जिवाणू सावरतील, मग अशा द्रवात, जिथे इतर जिवाणू दबतील आणि हा वाढेल, मग पेट्रीच्या बशीत पसरून काळ्या मध्याचे ठिपके उगवतात का पाहायचं, मग खात्री करायची. तीन ते पाच दिवस जातात. आणि आपल्याकडे? पहाटे बोकड कापला, आठला दुकानाबाहेर रविवारची रांग, दुपारी एकला रस्सा ताटात. अहवाल येईल गुरुवारी. झटपट चाचण्या आल्या आहेत, त्याही बहुधा दुसऱ्या दिवशीच उत्तर देतात. तेव्हा या व्यवस्थेत शेवटच्या मालाची तपासणी खाणाऱ्याला वाचवू शकत नाही. ती फक्त नंतर सांगू शकते, की काय झालं.

अमेरिकेचा इतिहास इथे उपयोगी पडतो. १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअरच्या ‘द जंगल’ या कादंबरीनं शिकागोच्या मांस-कारखान्यांतली घाण चव्हाट्यावर आणली, आणि त्याच वर्षी मांस-तपासणीचा कायदा झाला. निरीक्षक प्रत्येक जनावर पाहू लागला, हातानं चाचपू लागला, हुंगू लागला. गाठी, गळवं, क्षयाच्या खुणा यांसाठी हे चांगलं होतं. पण १९९३ मध्ये जॅक इन द बॉक्स या उपाहारगृहांच्या साखळीत अर्धकच्च्या खिम्याचे बर्गर खाऊन सातशेहून जास्त लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. कारण ई. कोलाय ओ१५७:एच७. हा जिवाणू गुराच्या आतड्यात असतो आणि गुराला काहीही होत नाही. निरीक्षकानं ते गुरं पाहिलं असतं तर काय दिसलं असतं? धडधाकट जनावर. डोळे उघडे होते, पण डोळ्यांना दिसण्यासारखं ते नव्हतंच.

खिमाच का, हेही समजून घेऊ. अख्ख्या तुकड्यावर जिवाणू बाहेरच्या बाजूला असतो, तवा लागला की मरतो. खिमा करताना बाहेरचं आत जातं, आणि शंभर जनावरांचं एकत्र होतं.

मग उपाय काय? उपाय आला अंतराळातून. १९६० च्या सुमाराला अंतराळवीरांसाठी अन्न बनवणाऱ्या पिल्सबरी कंपनीच्या लोकांना नासाबरोबर काम करताना एक अडचण दिसली. तपासलेला नमुना खाता येत नाही. पुरेशी खात्री हवी असेल तर इतकं तपासावं लागेल, की यानात न्यायला फारसं उरणारच नाही. म्हणून त्यांनी प्रश्न फिरवला. तयार अन्नाला विचारण्याऐवजी प्रत्येक पायरीला विचारायचं : इथे धोका कोणता, तो कुठे रोखता येतो, आणि रोखला हे कशावरून कळेल? या पद्धतीला आज हॅसप म्हणतात. अमेरिकेत मांसासाठी ती १९९६ च्या नियमानं आली. कत्तलखान्यात याचा अर्थ साधा आहे. आतडं बांधून काढलं का? सुरी दर जनावरामागे गरम पाण्यात बुडवली का? मांस किती वेळात किती थंड झालं? ही उत्तरं त्याच क्षणी मिळतात, चार दिवस थांबावं लागत नाही. प्रयोगशाळेची तपासणी जाते कुठे? कुठेच नाही. ती आता मालाची परीक्षा घेत नाही. पायऱ्या खरोखर पाळल्या जातात का, याची साक्ष देते.

मग जबाबदारी कोणाची? १९७४ मध्ये अमेरिकेत मागणी झाली, की मांसावर साल्मोनेलाचा इशारा छापा. न्यायालयानं नाकारली, स्वयंपाक करणाऱ्यांना मांस कसं शिजवायचं ते कळतं, असा त्या निकालाचा सूर होता. २००१ मध्ये दुसऱ्या एका न्यायालयानं म्हटलं, की खिम्यात साल्मोनेला निघाला म्हणून कारखाना बंद करता येणार नाही, कारण तो कच्च्या मालाबरोबरच आत आलेला असू शकतो. पाहा, जबाबदारी कशी सरकत जाते. कारखाना म्हणतो, मागून आलं. मागचा म्हणतो, पुढे शिजवतील. शेवटी ती येऊन थांबते स्वयंपाकघरात, आणि तिथे कोणाच्याच हातात प्रयोगशाळा नसते.

दोन वाटा जिथे मिळतात

आतापर्यंत आपण अवशेष आणि जिवाणू वेगळे ठेवले. एका ठिकाणी ते एकत्र येतात, आणि आमच्या मते आज सगळ्यात जास्त काळजी तिथेच आहे.

समजा एका पोल्ट्रीत पक्ष्यांना प्रतिजैविक दिलं. विथड्रॉवल पिरियड काटेकोर पाळला. अवशेष तपासला : आढळले नाही. आणि हे उत्तर खरं आहे, औषध गेलं. पण औषध होतं तेव्हा पक्ष्याच्या आतड्यातले दुबळे जिवाणू मेले आणि त्याला दाद न देणारे उरले. ते उरलेले मांसाबरोबर आपल्याकडे येतात. औषध निघून गेलं, त्यानं केलेली निवड मागे राहिली.

कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटच्या फळीतलं प्रतिजैविक. इतर काही लागू पडेना, की अतिदक्षता विभागात हे काढतात. तेच पोल्ट्रीत वर्षानुवर्षं दिलं जात होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधून बातमी आली, की डुकरांत, मांसात आणि रुग्णांत एमसीआर-१ नावाचं जनुक सापडलं. ते कोलिस्टिनला निष्प्रभ करतं, आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. भारतानं जुलै २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली. पण लक्षात घ्या : अवशेषाच्या अहवालानं हे कधीच सांगितलं नसतं. चुकीची वस्तू शोधली, तर ‘आढळले नाही’ हे खरं असूनही दिशाभूल करतं. म्हणून अवशेष मोजणं पुरेसं नाही. औषध किती वापरलं जातं आणि जिवाणू कशाला दाद देत नाहीत, हेही मोजावं लागतं.

आपल्याकडे काय

युरोपला प्राणिजन्य अन्न पाठवायचं, तर देशाला अवशेष-तपासणीचा आराखडा मान्य करून घ्यावा लागतो. आपल्याकडे निर्यात निरीक्षण परिषद आणि मत्स्यशेतीसाठी सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण हे काम पाहतात. कोळंबी कोणत्या तळ्यातली, हे मागे जाऊन सांगता येतं. देशातल्या बाजारासाठी २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आहे, अवशेषांच्या मर्यादा आहेत, महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन आहे. पण गल्लीतल्या दुकानात पिंजऱ्यातली कोंबडी येते, तेव्हा तिच्याबरोबर तिचा इतिहास येत नाही. कोणत्या शेडमधली, शेवटचं औषध कधी, कोणतं? आणि मागे जाता येत नसेल, तर अहवालात दोष सापडूनही उपयोग काय? सांगणार कोणाला?

म्हणून आम्हाला वाटतं, की ग्राहकांनी ‘तपासलेलं आहे का?’ एवढं विचारून थांबू नये. ‘नोंद आहे का?’ हे विचारावं. पोल्ट्री करणाऱ्या शेतकऱ्याकडे औषधाची वही असणं, कत्तलखान्यात गरम पाणी आणि शीतगृह असणं, दुकानदाराला माल कुठून आला ते सांगता येणं, या गोष्टी प्रयोगशाळेपेक्षा स्वस्त आहेत आणि आधीच्या आहेत. शेतकऱ्याला आजारी जनावर घाईनं विकावं लागतं ते बहुधा पैशाच्या ओढीनं. त्याला दोष देऊन ती ओढ कमी होत नाही, हेही ध्यानात ठेवावं लागेल.

आलेल्या प्रश्नांपैकी दोन घेतो.

प्रश्न : गावठी कोंबडी घेतली, तर या कटकटीतून सुटका होते का?

उत्तर : औषधाचा प्रश्न कमी असण्याची शक्यता आहे, कारण अंगणातल्या कोंबडीला रोज औषध कोण देणार? पण ही शक्यता झाली, खात्री नव्हे. आणि साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे कोणत्याही पक्ष्याच्या आतड्यात असू शकतात. ‘गावठी’ हा शब्द अवशेषाबद्दल थोडं सांगतो, जिवाणूबद्दल काही सांगत नाही.

प्रश्न : मग घरी नेमकं काय करावं?

उत्तर : कच्चं मांस नळाखाली जोरात धुऊ नये, तुषारांबरोबर जिवाणू ओट्यावर, भांड्यांवर उडतात. मांसाची सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नये. आतपर्यंत शिजवावं, ७५ अंशांना बहुतेक सगळे रोगकारक जिवाणू मरतात, आणि आपला रस्सा तर उकळतोच. खिमा आणि कबाब यांना मात्र आतून पाहावं. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. अवशेषावर घरी उपाय नाही. तिथे नागरिक म्हणूनच काम करावं लागतं.

शेवटी एवढंच. ‘आढळले नाही’ हे वाईट वाक्य नाही. नीट शोधून मग म्हटलेलं असेल, तर ते फार मोलाचं आहे. माणसं त्यावर जगतात. फक्त ते ऐकलं, की एक प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ : असतं, तर आढळलं असतं का?